माझ्या नावावरची चौकशी

१२ फेब्रुवारी

धाकट्या,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. कसा आहेस, हेही विचारत नाही. एकच गोष्ट विचारायला बसले आहे आणि तिचं उत्तर एका ओळीत मावेल. जानेवारीत माझ्या नावाने कर्जाचा अर्ज तू केलास का?

फोन का केला नाहीस म्हणशील. फोनवर तू फार गोड बोलतोस. आपण काय विचारायला फोन केला होता, तेच समोरचा विसरतो. कागदावर तुला ते जमत नाही, शाळेतले तुझे निबंध मीच लिहून द्यायचे. पत्ता आईच्या पर्समधल्या कुरिअरच्या पावतीवरून उतरवून घेतला, तिला न विचारता. मी दुसऱ्याच्या पर्समध्ये हात घालण्यापर्यंत आले आहे, तेव्हा गोष्ट कुठवर गेलीय ते समज.

झालं असं. मला स्वतःची भट्टी घ्यायची आहे. दातांच्या कॅपवर पोर्सेलेन चढवून भाजायची छोटी भट्टी, टेबलावर मावते. मालकाच्या लॅबमध्ये दिवसभर मी लोकांचे दात करते आणि नफा मालकाचा. घरीच एका खोलीत सुरू करता येईल म्हणून कर्जाला अर्ज दिला. दिवाळखोरीनंतरचा माझा हा पहिला अर्ज. माझा क्रेडिट स्कोअर सातशेच्या उंबरठ्यावर आला होता, म्हणून धीर केला.

गेल्या आठवड्यात बँकेच्या कर्ज विभागातल्या बाईंनी बोलावलं.

"मॅडम, आमच्या आधी तुम्ही आणखी कुठे अर्ज केला होतात?"

"नाही."

"इथे तर दिसतोय." त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. माझ्या नावाखाली एका फायनान्स कंपनीची चौकशी. कंपनीचं नाव मी जन्मात ऐकलेलं नाही. "तो नामंजूर झालाय," त्या म्हणाल्या. मग मला एखादा आजार असावा तसा आवाज खाली आणून म्हणाल्या, "एकदा दिवाळखोरी झालेल्या माणसाने असे दोन-चार ठिकाणी अर्ज केले ना, की वरच्या लोकांना वाटतं, याला परत कर्जाची भूक लागली."

स्कोअर थोडासाच उतरलाय. पण माझा अर्ज बाजूला ठेवलाय, खुलासा मागितलाय.

मला भूक लागलेली नाही. मग कुणाला लागली? माझी ओळखपत्रं कुठल्या खणात असतात, माझी जन्मतारीख काय, सही कशी, हे सगळं माहीत असलेली माणसं जगात दोन. एक आई. तिला एटीएममधून पैसे काढायचे तर सोबत मी लागते. दुसरा तू.

एका ओळीत उत्तर दे.

ताई
(सवयीने लिहिलंय. त्यात काही शोधू नकोस.)


३ मार्च

धाकट्या,

उत्तर नाही. ठीक आहे. न बोलणं हेसुद्धा तुझं एक बोलणंच असतं, मला ते वाचता येतं.

तू आणि आई मिळून काहीतरी करताय. नाही म्हणू नकोस. मी रोज या दोन खोल्यांत राहते, मला दिसतं.

संध्याकाळी मी घरी येते तेव्हा टीव्ही इतका मोठा असतो की खालच्या लाँड्रीवाल्याने दोनदा वर येऊन सांगितलं. मी आवाज कमी केला की ती पुन्हा वाढवते. का? तर गॅलरीत उभं राहून ती तुझ्याशी बोलते ते माझ्या कानावर पडू नये म्हणून. मी काही विचारलं की आधी "अं?" म्हणते. उत्तर जुळवायला वेळ हवा असला की माणसं असं करतात, तू करायचास. आणि मग उत्तर भलतंच. "आज धाकट्याचा फोन होता का?" असं विचारलं तर म्हणते, "हो, दार लावलंय." विषय बदलण्यात तुमचा दोघांचा हात कुणी धरणार नाही.

शिवाय बोलताना माझ्या तोंडाकडे टक लावून बघते. पूर्वी नव्हती अशी. मला किती कळलंय, याचा अंदाज घेते.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. ज्या बाईने माझी दिवाळखोरी चालू असताना कोर्टाचा एक कागद हातात धरला नाही, ती आता दर महिन्याला विचारते, "तुझा तो आकडा किती झाला गं?"

तिला आकडा कशाला हवा? तो कुणाला कळवायचा असतो?

तो आकडा मी कसा वर आणला, ते तुला माहीत नाही, म्हणून सांगते. तुझ्या जिमच्या कर्जाला मी जामीन राहिले. जिम बंद पडली, तू गाव सोडलंस, बँक माझ्याकडे आली. फ्लॅट गेला. कोर्टाने मला दिवाळखोर ठरवलं आणि पुढे यथावकाश मोकळंही केलं. मोकळं म्हणजे काय, तर देणं संपलं, पण नाव तसंच राहिलं. मोबाइलचं नवं कनेक्शन मिळेना. घर भाड्याने मिळेना. ज्या माणसाशी माझं लग्नाचं बोलणं चाललं होतं, त्याच्या घरी हे कळलं. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

मग एका बँकेने कार्ड दिलं, पण आधी तेवढी ठेव ठेवून घेऊन. माझेच पैसे मला उसने द्यायचे आणि मी ते वेळेवर परत करून दाखवायचे, असा तो खेळ. त्या कार्डावर मी फक्त विजेचं बिल देते आणि बसचा पास घेते, आणि पैसे मुदतीच्या आधी भरते. मर्यादेच्या जवळ कधी जात नाही. मोह झाला तर कार्ड घरी ठेवून बाहेर पडते. कॅपवर पोर्सेलेन चढवतात तसं आहे हे. पातळ थर लावायचा, भाजायचा, थंड होऊ द्यायचा, मग पुढचा. घाई केली की तडा.

तू तडा पाडलास का, एवढंच विचारतेय.

ताई


२१ मार्च

धाकट्या,

आता विचारायचीही गरज उरली नाही, मला धागा सापडला.

जानेवारीतला एक रविवार. आई म्हणाली, "माझा फोन चार्ज नाही, तुझा नेते." म्हणाली भाजी आणायला जाते, आणि परत आली दुपार कलल्यावर, हातात भाजी नाही. मी विचारलं तर "अं?" आणि मग "गर्दी होती."

अर्ज करताना फोनवर नंबर येतो, तो सांगितल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही. तो नंबर त्या दिवशी माझ्या फोनवर आला, आणि फोन आईच्या हातात होता. तिला तो वाचून दाखवायला कुणी सांगितलं? आणि नंतर तो मेसेज पुसून टाकायला कुणी शिकवलं? तिला मेसेज उघडता येत नाही.

माझ्या नावाची तू एकदा माती केलीस. तेव्हा निदान मी माझ्या हाताने सही केली होती. आता आईचा हात वापरलास.

या महिनाअखेरपर्यंत उत्तर आलं नाही, तर मी लेखी तक्रार करणार आहे.

ताई


९ एप्रिल

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. जेमतेम चार वाक्यं. "हो. मीच केला. चूक झाली. आईला काही विचारू नकोस."

मी ते पत्र लॅबमध्ये, जेवणाच्या सुट्टीत वाचलं. पुन्हा वाचलं. तुला लहानपणापासून ओळखते मी. फुटलेल्या काचेजवळ उभा राहून तू विचारायचास, "कसली काच?" जिमचे हप्ते थकले तेव्हा शेवटच्या दिवसापर्यंत "होतंय, ताई, होतंय" म्हणत राहिलास. आणि आता एका झटक्यात "हो, मीच"? कर्ज कशासाठी हवं होतं, ते नाही. माझी कागदपत्रं कशी मिळवलीस, ते नाही. तुझं खोटं नेहमी लांबलचक असतं. म्हणून हे खरं वाटलं, आणि त्याच कारणाने जरा खटकलंही.

पण खटकलं म्हणून किती दिवस बसून राहू? तक्रार दिली. त्या फायनान्स कंपनीच्या कचेरीत एक छापील कागद असतो, त्यावर 'संशयित' म्हणून तुझं नाव आणि पत्ता लिहिला. 'नातं' समोर लिहिलं, सख्खा भाऊ. खिडकीतल्या माणसाने ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला. तुझं चार वाक्यांचं पत्रही सोबत जोडलं. तू गोदामात काम करतोस, आलेला माल मोजून घेतोस, हे आईच्या बोलण्यातून मला कळलं होतं. तेही लिहिलं.

घरी येऊन आईला सांगितलं, समोर बसून, एकेक शब्द सुटा करून. तिचा चेहरा पडला. म्हणाली, "त्याची नोकरी जाईल गं."

"जाऊ दे."

"तसं नको होतं करायला."

"मग कसं करायला हवं होतं, आई?"

तिने टीव्ही लावला, मोठा. मी आतल्या खोलीत जाऊन दार आपटलं. तिला त्याचंही काही वाटलं नाही.

पोराची बाजू घेणार, हे मला माहीतच होतं. फक्त एक सांग. "आईला काही विचारू नकोस" असं का लिहिलंस? काय सांगेल ती मला?

ताई


२ मे

धाकट्या,

हे पत्र नीट बसून वाच.

परवा फायनान्स कंपनीच्या तक्रार विभागातून एका माणसाचा फोन आला. आधी सांगितलं की त्यांनी तुझ्या गोदामात चौकशी केली आणि तुझ्या मालकाने तुझ्याकडून गोदामाच्या किल्ल्या काढून घेतल्या. हे त्याने मला खूश करायला सांगितलं. मग म्हणाला, "फक्त एक आहे, मॅडम. हा अर्ज रोख कर्जाचा नव्हता, वस्तूसाठी होता, दुकानातून आलेला. तुमचे भाऊ परगावी असतात ना? दुकान तर तुमच्याच भागातलं आहे."

"कसलं दुकान?"

"श्रवणयंत्रांचं."

मी अर्धी सुट्टी टाकून गेले. छोटंसं दुकान, काचेच्या कपाटात रबरी कान मांडून ठेवलेले. तिथल्या बाईला माझं नाव सांगितलं आणि ती उठून उभीच राहिली.

"तुम्हीच का त्यांची मुलगी? आई बऱ्या आहेत ना? परत आल्याच नाहीत. म्हणाल्या होत्या, मुलीचा आकडा वाढला की येते."

मी विचारलं, अर्ज कुणी केला.

"मीच भरून दिला," ती म्हणाली. "त्या तुमचे कागद घेऊन आल्या होत्या, फोनही तुमचाच. म्हणाल्या, मुलीनेच पाठवलंय, हप्ते तीच भरणार आहे. मी तुम्हाला फोन करून विचारायला हवं होतं. पण फोन त्यांच्याच हातात होता, मग विचारणार कुणाला? मेसेज पण त्यांनी मलाच पुसायला सांगितला. म्हणाल्या, तिला उगाच काळजी." मग हळूच म्हणाली, "दोन्ही कान बरेच गेलेत त्यांचे. घरी तुमच्या लक्षात आलं असेल ना?"

मी "हो" म्हटलं. दुकानातल्या परक्या बाईसमोर खोटं बोलले.

घरी आले तेव्हा दुपार होती. खालची लाँड्री जेवायला बंद, सगळं शांत. आई खिडकीशी पाठमोरी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. मी दारातून म्हटलं, "आई, मी आले." तिने टॉवेल उचलला. मी म्हटलं, "आई, मला भट्टी मिळणार नाही." तिने टॉवेलची घडी घातली. मग मी जे म्हटलं ते तुला सांगायची लाज वाटते, पण सांगते. मी म्हटलं, "आई, तू मला फसवलंस. तुम्ही दोघं मेलात मला." नेहमीच्या आवाजात म्हटलं, हळू नाही. तिने उशीचा अभ्रा झटकला, चार कोपरे जुळवले आणि वरून हात फिरवला.

मी पुढे जाऊन तिच्यासमोर उभी राहिले तेव्हा दचकली. "अगोबाई! कधी आलीस? काही आवाज नाही तुझा."

मी खाली बसले. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. धाकट्या, मी आयुष्यभर लोकांच्या तोंडात काय बसेल त्याचा विचार करून पोट भरते, आणि माझी आई वर्षभर माझ्या ओठांवरून शब्द वाचतेय, हे मला कळलं नाही. मला वाटलं, अंदाज घेते.

"दुकानात जाऊन आले," मी म्हटलं. तिला ते पहिल्या फटक्यात कळलं.

तिने अभ्रा मांडीवर घेतला. मग म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू भट्टीचे साठवलेले पैसे मोडले असतेस. मला वाटलं, हप्त्यावर घेऊ, माझ्या खर्चातून दर महिन्याला भरीन, तुला कळणारही नाही. माझ्या नावावर मिळत नाही, म्हणून तुझं दिलं. अर्ज केल्यानेसुद्धा आकडा खाली येतो, हे मला काय माहीत?"

"आणि मी त्याच्यावर आळ घेत होते, तेव्हा?"

"तो म्हणाला, आई, मी माझं नाव सांगतो. मी म्हटलं, सांग." ती अभ्र्याची घडी पुन्हा उलगडायला लागली. "त्याला म्हटलं, तू तर तिच्या मनातून उतरलेलाच आहेस, तू अजून किती उतरशील? मी उतरले तर मी राहू कुठे?"

मला ओरडायचं होतं. पण ओरडायचं ते मघाशीच तिच्या पाठीमागे बोलून झालं होतं आणि त्याचा उपयोग नव्हता.

कान तपासून घे, असं तिला तू सांगितलंस म्हणे. ती फोनवर तुला भलतीच उत्तरं द्यायला लागली, तेव्हा. म्हणजे महिन्यातून दोन वेळा बोलणाऱ्या तुला ते कळलं. रोज एका छताखाली झोपणारी मी तिच्या प्रत्येक "अं?"ची कारणं शोधत राहिले.

सोमवारी तक्रार मागे घ्यायला जाते. किल्ल्यांचं काय झालं ते लगेच कळव. तू जे केलं नाहीस, त्याबद्दल जे लिहिलं ते मागे घेते. जे केलंस, त्याबद्दलचं नाही.

ताई


१९ मे

धाकट्या,

किल्ल्या अजून मिळालेल्या नाहीत, पण नोकरी आहे, हे वाचलं. तक्रार मागे घेतल्याचं पत्र हवंय म्हणतोस. तेच सांगायला लिहितेय. ते इतकं सोपं नाही. कंपनी म्हणते, मग अर्ज केला कुणी ते लिहून द्या. आईचं नाव दिलं तर प्रकरण तिच्यावर जाईल. कुणाचंच दिलं नाही, तर तू संशयित राहशील. तुझा कबुलीजबाब त्यांच्या फायलीत आहे, तो खोटा होता हे तुला स्वतः येऊन, त्यांच्यासमोर सांगावं लागेल. आणि मला लिहून द्यावं लागेल की अर्ज माझ्याच परवानगीने झाला, मी विसरले होते.

म्हणजे ती चौकशी माझ्या नावावर तशीच राहणार. मी ठरवलंय, राहू दे.

आता तुझ्या पत्रातल्या त्या वाक्याबद्दल. "तुझं ऐकून घ्यायची सवय आहे मला, ताई, म्हणून हो म्हटलं." हे वाचून मला रडू यायला हवं होतं का? मला पहिला विचार काय आला, सांगू? याला यातून काय मिळणार, असा आला. माझ्या अंगावर तुझे उपकार चढवायचे आणि मग एक दिवस येऊन "ताई, एक काम होतं" म्हणायचं, असं तर नाही? मी दोन दिवस हाच विचार करत होते. लॅबमध्ये एका गिऱ्हाइकाच्या पुढच्या दाताला चुकीची शेड लावली. मालकाने ऐकवलं.

हा माझा स्वभाव नव्हता. तो कुठून आला, ते तुला विचारायला नको.

जूनमध्ये ये. मुक्काम करायचा असेल तर कर, आईच्या खोलीत गादी घालता येते. माझ्याकडून काही अपेक्षा ठेवू नकोस.

ताई


३० जून

धाकट्या,

नीट पोचलास, हे आईने सांगितलं. तुझा फोन आला तेव्हा टीव्ही बंद होता, आणि ती गॅलरीत न जाता माझ्यासमोर बसून बोलली. "हो, हो, ऐकू येतंय, तू कशाला बोंबलतोस?" असं म्हणाली.

तू असताना जे बोलायचं राहिलं, ते लिहिते. समोर मला जमलं नाही.

तू आलास तेव्हा मी तुझी बॅग बघत होते. कपडे किती, कागद किती. एखादी फाइल निघते का. तुझ्याही लक्षात आलं असणार, कारण तू बॅग मुद्दाम खोलीच्या मधोमध उघडी टाकलीस. आईच्या कानाच्या यंत्रासाठीचे अर्धे पैसे टेबलावर ठेवलेस आणि मी विचारायच्या आत शेजारी पगाराची पावती ठेवलीस. तेव्हा मनात आलं, पावती बरोबर आणली म्हणजे आपल्याला विचारतील, हे याला आधीच ठाऊक होतं. ज्याला ठाऊक असतं त्याच्या मनात काहीतरी असतं. मग वाटलं, अगं, त्याच्या मनात तूच आहेस. तुझे प्रश्न आहेत.

कंपनीच्या कचेरीत तू त्या माणसाला म्हणालास, "मी खोटं कबूल केलं होतं." तो म्हणाला, "असं कुणी करतं का?" आणि लगेच मी पुढे सरकून लिहून दिलं की अर्ज माझ्या परवानगीचा. तेही खोटंच. त्या माणसाने आपल्या दोघांकडे आळीपाळीने असं बघितलं, की बाहेर आल्यावर तू जिन्यात हसायला लागलास. मी नाही हसले. बसमध्ये हसले, खिडकीकडे तोंड करून.

त्या रविवारी आपण जिमवरून भांडलो, ते बरं झालं. आईने नवं यंत्र कानात ठेवून सगळं ऐकलं. "एवढं बोलता तुम्ही एकमेकांना?" असं म्हणाली ते तू ऐकलंस. तू गेल्यावर मला काय म्हणाली, ते ऐक. म्हणाली, "मला वाटायचं तुम्ही दोघं बोलतच नाही. काही ऐकू येत नव्हतं ना." आणि यंत्र काढून डबीत ठेवून झोपली.

तुला मालकाने किल्ल्या परत दिल्या, हेही तिच्याकडूनच कळलं. मला लिहिलं असतंस तर चाललं असतं.

आता माझी बातमी. कर्ज विभागातल्या बाईंनी पुन्हा बोलावलं. खुलासा मान्य झाला. स्कोअर परत सातशेला टेकलाय. त्या म्हणाल्या, "मंजूर होईल, मॅडम. फक्त तुमचा पूर्वेतिहास बघता वरच्यांनी एक अट घातलीय. हमीदार आणा."

मी म्हटलं, "काय आणू?"

"हमीदार. जामीन. कुणीतरी चांगल्या स्कोअरचं."

मला तिथेच हसू आलं. त्यांना वाटलं, आनंद झाला.

लॅबमध्ये पॉलिशवर एक जुने गृहस्थ आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांच्या हाताखाली मी काम शिकले. दिवाळखोरीत ज्या एका माणसाने मला 'कसं झालं' असं विचारलं नाही, ते हे. त्यांचं स्वतःचं घर आहे, कुणाचं देणं नाही. ते नाही म्हणणार नाहीत, हे मला माहीत होतं. म्हणूनच भीती वाटत होती.

शुक्रवारी त्यांच्या पॉलिशच्या यंत्राशेजारी जाऊन उभी राहिले. त्यांनी कवळी घासून होईपर्यंत मान वर केली नाही. मी मनात वाक्य जुळवत होते. 'मामा, एक काम होतं.' नंतर वाटलं, आधी तब्येत विचारावी. मग वाटलं, आधी तब्येत विचारली तर त्यांना नंतर वाटेल की तेवढ्यासाठीच विचारली. मी मनातल्या मनात त्यांच्या घराच्या खोल्या मोजत होते, धाकट्या. माझे हप्ते थकले तर त्यातली कुठली जाईल, याचा हिशोब करत होते. आणि तरी तोंडावर हसू ठेवून उभी होते.

त्यांनी मास्क खाली केला. "काय गं? काही हवंय?"

"नाही. शेड बघायची होती."

"कसली?"

"राहू दे. नंतर."

परत जागेवर येऊन बसले. हात कामाला लागेनात. अजून वर्षभर पैसे साठवीन आणि जुनी, वापरलेली भट्टी रोखीने घेईन, असं मी ठरवलं आहे. कर्ज नको म्हणून कळवलंही. स्कोअरला त्याने काही होत नाही, बाईंना विचारून घेतलं.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तू सही मागायला आलास तो दिवस मी इतकी वर्षं माझ्या बाजूने आठवत आलेय. तू चहा मागितलास, आईची चौकशी केलीस, माझ्या नव्या पडद्यांना छान म्हणालास, मग कागद काढलेस. ते सगळं मला ठरवून रचलेलं वाटत आलंय. पडदे छान म्हणाल्याचा राग फ्लॅट गेल्याच्या रागाहून जास्त होता. मामांच्या यंत्राशी उभी राहिले तेव्हा पहिल्यांदा वाटलं की तुला कदाचित पडद्यांशिवाय दुसरं काही सुचतच नसेल.

कदाचित म्हणतेय. मला माहीत नाही.

म्हणून विचारते. माझ्या दारात उभा होतास तेव्हा तुझ्या पोटात काय होत होतं? धंदा बुडणार, हे तुला तेव्हा माहीत होतं का? ते लिही. लांबलचक लिहिलंस तरी चालेल. मी विश्वास ठेवीनच असं नाही. पण वाचीन.

ताई